पाटी, पदवी आणि पहिली सहा सेशन्स

वाचकांचे प्रश्न

समुपदेशनाबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा या अंकासाठी घेतली आहेत. पत्रं थोडी आखूड केली आहेत आणि नावं गाळली आहेत. उत्तरं आमच्या मानसिक आरोग्य सल्लागार गटाची.

प्रश्न : आमच्या भागात दोन वर्षांत समुपदेशनाच्या चार पाट्या लागल्या. एकीवर 'सायकॉलॉजिस्ट', दुसरीवर 'सायकोथेरपिस्ट', तिसरीवर 'सर्टिफाइड काउन्सेलर व एनएलपी मास्टर', चौथीवर नुसतं 'माइंड कोच'. धाकट्या बहिणीला न्यायचंय. यांच्यात फरक काय? आणि शिक्षण विचारलं तर त्यांना अपमान वाटेल का? (सातारा)

उत्तर : अपमान वाटलाच, तर तिथे बहिणीला नेऊ नका. डॉक्टरच्या केसपेपरवर नोंदणी क्रमांक छापलेला असतो, त्याचा कुणाला राग येत नाही.

तुम्ही दिलेल्या चारही शब्दांवरून शिक्षण कळत नाही. कायद्याने ठेवलेली नोंदवही ज्यांच्यामागे आहे असे दोन व्यवसाय तुमच्या कामाचे. पहिला मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिॲट्रिस्ट. एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी. निदान आणि गोळ्या ही कामं यांची. दुसरा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. ही परिषद १९९२च्या कायद्याने आली. या नोंदणीची आजवरची रुळलेली वाट म्हणजे एम.ए. किंवा एम.एस्सी.नंतर दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल., तोही रुग्णालयात प्रत्यक्ष रुग्ण बघत. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून खात्री करता येते. नोंदणीला मुदत असते, तेव्हा ती संपलेली नाही ना, हेही बघा.

समुपदेशकांसाठी २०२१ साली केंद्राने संलग्न आरोग्यव्यवसायांचा कायदा केला. त्याच्या यादीत समुपदेशक आणि इतर मानसशास्त्रज्ञ आहेत, पण त्याखालची नोंदणी अजून सगळीकडे रुळलेली नाही. तोपर्यंत चौकशीचं काम तुमच्याकडेच. म्हणून पदवीच्या नावापाशी थांबू नका. एम.ए. मानसशास्त्र आणि एम.ए. समुपदेशन मानसशास्त्र या दोन गोष्टी आहेत. पहिली पदवी दूरशिक्षणाने, एकाही अशिलासमोर न बसता मिळू शकते. दुसरीत बहुतेक ठिकाणी शाळेत, रुग्णालयात किंवा संस्थेत प्रत्यक्ष काम करावं लागतं. (समुपदेशनाच्या मराठीत क्लायंटला अशील म्हणतात. कोर्टाचा वास येतो, पण रुग्ण म्हणण्यापेक्षा बरं.) एनएलपीचं (न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंगचं) 'मास्टर' हे कार्यशाळांचं प्रमाणपत्र आहे, विद्यापीठाची मास्टर्स पदवी नव्हे. दोन्ही शब्द एकाच पाटीवर आले की गल्लत होते, आणि काही पाट्या ती व्हावी म्हणूनच रंगवलेल्या असतात.

फोनवर पाच मिनिटांत इतकं विचारा : पदवी कुठल्या विषयात, कुठल्या विद्यापीठाची, कोणत्या वर्षाची? प्रत्यक्ष काम कुठे आणि किती काळ केलंत? माझ्या बहिणीसारख्या तक्रारींवर काम केलंय का, आणि कोणत्या पद्धतीने करता? गरज पडली तर कोणत्या सायकिॲट्रिस्टकडे पाठवता? आणि शेवटी, तुमचं सुपरव्हिजन कोण करतं?

हा शेवटचा प्रश्न बहुतेकांना सुचत नाही. सुपरव्हिजन म्हणजे समुपदेशकाने आपल्या केसेस नाव न सांगता अनुभवी सहकाऱ्यासमोर ठेवणं आणि आपण कुठे चुकतोय हे तपासून घेणं. वीस वर्षं झालेले लोकही हे करतात. बंद खोलीत चालणारं हे काम बाहेरचं कुणी बघत नाही, त्यामुळे चुकीची सवय लागली तर ती वर्षानुवर्षं तशीच राहते. 'मला आता त्याची गरज नाही' असं उत्तर आलं तर आम्ही दुसरा नंबर फिरवू. उलट नवखी समुपदेशक 'दर पंधरा दिवसांनी माझ्या केसेस मॅडम बघतात' असं म्हणाली, तर तिचा अनुभव कमी म्हणून तिला लगेच बाद करू नका.

प्रश्न : मुलीच्या पहिल्या सेशनचे बाराशे रुपये दिले. पाऊण तासात बाईंनी नुसते प्रश्न विचारले. घरी कोण कोण, झोप किती, थायरॉइड तपासलंय का. सल्ला एकही नाही. असंच असतं का? (डोंबिवली)

उत्तर : असंच असायला हवं. थायरॉइडचा प्रश्न विचारला म्हणजे बाई कामाच्या आहेत. थायरॉइड मंदावलं, हिमोग्लोबिन घसरलं किंवा बी-१२ कमी पडलं, तर मरगळ, चिडचिड आणि विस्मरण नैराश्यासारखंच दिसतं. ते न तपासता महिनोन्‌महिने मनाची मशागत करत बसण्यात अर्थ नाही.

पहिलं एक सेशन, कधी दोन, माहिती घेण्यात जातं. तक्रार कधी सुरू झाली, त्या सुमारास काय घडलं, याआधी असं झालं होतं का, घरात कुणाला मानसिक आजार आहे का, दारू-तंबाखू, चालू गोळ्या. जीव नकोसा होतो का, हेही सरळ विचारलं जातं. असं विचारल्याने तो विचार डोक्यात घुसतो, हा समज चुकीचा आहे. ज्याच्या मनात तो आधीच आहे त्याला विचारल्याने बोलायला वाट मिळते.

पुष्कळ समुपदेशक एक छापील प्रश्नावलीही भरून घेतात. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ सर्रास वापरतात. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून मध्यम ते तीव्र, वीसपासून तीव्र. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्यावर शून्याखेरीज काहीही लिहिलं असेल, तर एकूण बेरीज कितीही कमी असली तरी समुपदेशकाने तिथे थांबून विचारायलाच हवं. बेरीज करून कागद फाइलला लावणारे असतात. मुलीच्या बाबतीत तसं झालं नाही ना, ते तिलाच विचारा. मात्र ही प्रश्नावली चाळणी आहे. तिच्यावरून निदान करत नाहीत.

तिसऱ्या सेशनपर्यंत मुलीला दोन गोष्टी सांगता यायला हव्यात. 'आम्ही अमुक गोष्टीवर काम करतोय' आणि 'त्यासाठी मी आठवडाभर अमुक करायचंय'. एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली समुपदेशक आणि अशील यांच्या जोडीचे तीन धागे सांगितले : उद्दिष्टावर एकमत, कामावर एकमत आणि आपसातला विश्वास. विश्वास आहे पण उद्दिष्टच ठरलेलं नाही, असं झालं की सेशन्स गोड होतात आणि वर्षभर चालतात. सहाव्या सेशनला तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्या म्हणावं. १७चे ११ झाले तर गाडी रुळावर आहे. पाच गुणांची घट ही खरी सुधारणा धरतात. १७चे १६ झाले असतील, तर आता काय बदलायचं हा प्रश्न बाईंनीच काढायला हवा. त्यांनी नाही काढला तर तुमच्या मुलीने काढावा.

प्रश्न : वेबसाइटवर कुणी सीबीटी लिहितं, कुणी आरईबीटी, कुणी 'अशील-केंद्री', कुणी 'एक्लेक्टिक'. आम्हा सामान्यांना यातून काय कळणार? प्रत्यक्ष खोलीत काय वेगळं होतं ते सांगा. (नाशिक)

उत्तर : एकच प्रसंग घेऊ. शनिवारी रात्री साडेनऊला साहेबांचा व्हॉट्सॲप मेसेज येतो : 'सोमवारी सकाळी भेटा.' बस, एवढंच. तुम्ही रविवारभर जेवत नाही, बायकोवर खेकसता आणि सोमवारी रजा टाकता. मंगळवारी समुपदेशकासमोर बसता.

सीबीटीवाला (कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, विचार आणि वागणं यांवर काम करणारी पद्धत), म्हणजे ॲरन बेक यांच्या वाटेने जाणारा, कागदावर रकाने आखतो. प्रसंग : मेसेज. मनात आलेलं वाक्य : 'नोकरी गेली.' त्यावर विश्वास किती? ९० टक्के. भीती किती? शंभरात ८०. मग पुरावा. नोकरी जाणार याच्या बाजूने काय? मागच्या महिन्यात एक रिपोर्ट उशिरा गेला. विरुद्ध काय? साहेब सगळ्यांनाच असे तुटक मेसेज करतात, याआधी चारदा 'भेटा' आलं आणि चारही वेळा कामाचंच निघालं. नवं वाक्य : 'काहीतरी विचारायचं असेल, उशिराबद्दल बोलणीही बसतील.' भीती आता ४५. शून्य नाही, आणि शून्य अपेक्षितही नाही. पुढचं काम : बुधवारी स्वतःहून साहेबांच्या केबिनमध्ये जायचं आणि काय झालं ते लिहून आणायचं.

आरईबीटीवाला (रॅशनल इमोटिव्ह बिहेविअर थेरपी) पुराव्यात फारसा अडकत नाही. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास सुरू केलेली ही पद्धत. नावातला 'बी', म्हणजे वर्तनाचा शब्द, १९९३ साली जोडला गेला. तो विचारतो, 'समजा, खरंच गेली नोकरी. मग?' तुम्ही म्हणता, 'असं होताच कामा नये! संपलंच सगळं!' तो नेमकं हेच धरतो : 'होऊ नये असं वाटणं ठीक. पण होताच कामा नये, हा हुकूम कुणी काढला?' घटना हा 'ए', ठाम समज हा 'बी' (नावातला नव्हे, 'बिलीफ'मधला), भावना आणि वागणं हा 'सी'. ए मधून थेट सी येत नाही, मधला बी बदलता येतो. 'नोकरी गेली तर फार अडचण होईल, ती मला आवडणार नाही, पण मी ती सोसू शकेन' इथवर पोचणं हे उद्दिष्ट. महाराष्ट्रात ही पद्धत पुष्कळांच्या कानावर आहे, कारण 'विवेकनिष्ठ' या शब्दासकट ती मराठीत आणण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. एलिस आणि बेक दोघेही आधी मनोविश्लेषण, म्हणजे फ्रॉइडची पद्धत, शिकले आणि मग त्यालाच कंटाळले, हे सहज जाता जाता.

अशील-केंद्री समुपदेशक, म्हणजे कार्ल रॉजर्स यांच्या परंपरेतला, कागद काढत नाही. 'रविवारभर तुम्ही एकटेच हे ओझं वाहत होता,' एवढंच म्हणतो आणि थांबतो. ती शांतता मुद्दाम ठेवलेली असते. त्यात तुम्ही स्वतःच म्हणता की खरी भीती नोकरीची नाही, बायकोला कमी पडण्याची आहे. मनोविश्लेषणाच्या अंगाने जाणारा विचारतो, 'असं थांबायला याआधी कुणी लावलं होतं?' आणि 'संध्याकाळी भेट मला' म्हणून दिवसभर ताटकळत ठेवणारे वडील खोलीत येतात.

चौघांपैकी खोटं कुणीच नाही. कुणाला काय लागू पडेल हे तक्रारीवर ठरतं. पॅनिक, ठरावीक गोष्टीची भीती, मंत्रचळ (ओसीडी) यांना सीबीटी आणि तिच्या वर्तनाच्या अंगाने जाणाऱ्या पद्धती आधी द्याव्यात, असं आमचं स्वच्छ मत आहे. इथे साधारण १२ ते २० सेशन्सचा हिशेब धरतात. जुन्या, नात्यांत पुन्हा पुन्हा उगवणाऱ्या दुखण्याला जास्त वेळ लागतो.

पद्धत बरोबर असूनही बिघडतं ते असं. रकान्यांचा कागद सेशनच्या आदल्या रात्री आठवून भरला जातो. भीती शिगेला असताना आलेलं वाक्य पाच दिवसांनी आठवत नाही, मग कागदावर शहाणपण उतरतं. प्रसंग घडल्यावर अर्ध्या तासात, मोबाइलवर का होईना, दोन ओळी लिहाव्यात. दुसरं, 'सगळं छान होईल' असं वाक्य नव्या विचाराच्या रकान्यात टाकलं जातं. त्यावर तुमचाच विश्वास दहा टक्के, मग ते उपयोगी कसं पडणार? तिसरं मंत्रचळाचं. हात धुण्याचा चळ असलेल्याला समुपदेशक दर सेशनला 'नाही हो, स्वच्छ आहेत हात' असा धीर देतो. तो धीर हाही धुण्याचाच एक प्रकार होऊन बसतो : तेवढ्यापुरतं हलकं वाटतं, दोन तासांनी पुन्हा विचारावंसं वाटतं. खरा उपाय म्हणजे नळाला हात लावायचा, धुवायचं नाही आणि अस्वस्थता आपोआप उतरेपर्यंत तिथेच थांबायचं. ती चढलेली असतानाच उठून गेलात, तर 'सुटलो म्हणून वाचलो' एवढंच मन शिकतं आणि पुढची खेप जड जाते.

'एक्लेक्टिक' म्हणजे निवडक मिश्रण. चांगल्या अर्थाने, दोन-तीन पद्धतींत पक्कं शिक्षण घेऊन गरजेप्रमाणे वापरणं. वाईट अर्थाने, एकही धड न शिकणं. 'माझ्या तक्रारीसाठी यातलं काय वापराल, आणि का?' असं विचारा. उत्तर दोन वाक्यांत आणि तुम्हाला समजेल अशा मराठीत यायला हवं.

प्रश्न : सोळा वर्षांचा मुलगा सहा आठवडे समुपदेशकाकडे जातो. फी मी भरते, पण आत काय बोलतो ते ते सांगत नाहीत. आईला एवढाही हक्क नाही? (कोल्हापूर)

उत्तर : हक्क आहे, पण शब्दन्‌शब्दावर नाही. आपलं बोलणं संध्याकाळी घरी पोचतं हे कळलं, की मुलगा आत क्रिकेटवर बोलू लागतो आणि तुमची फी वाया जाते.

सर्वसाधारण रीत अशी : सुरुवातीलाच आई-वडील, मुलगा आणि समुपदेशक एकत्र बसून काय सांगितलं जाईल आणि काय नाही, हे ठरवतात. प्रगती कशी आहे, कशावर काम चाललंय, घरी काय बदलायला हवं, हे तुम्हाला कळतं. तपशील मुलाचा. जिवाला धोका, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा बेत असेल, तर तो कळवावाच लागतो. अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं उघड झालं, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे गोपनीयतेचं वचन चालत नाही, आणि हे मुलाला आधीच सांगितलेलं असायला हवं.

एक बारकावा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पण त्यातली 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' ही व्याख्या मुख्यतः सायकिॲट्रिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मनोरुग्ण परिचारिका आणि सायकिॲट्रिक सोशल वर्कर यांच्याभोवती बांधली आहे. साधा समुपदेशक तिच्यात थेट बसत नाही. त्यामुळे सहीचं संमतिपत्र ही उगाच औपचारिकता नव्हे. त्यात गोपनीयता, तिचे अपवाद, नोंदी कुठे आणि किती काळ ठेवणार, फी, सेशन रद्द करण्याचा नियम, एवढं असावं. तुम्ही अशी सही केली नसेल तर पुढच्या वेळी मागा. मुलासोबत पंधरा मिनिटांची एकत्र बैठकही मागा. ती कोणताही शहाणा समुपदेशक देतो.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत आहे. मराठीतून बोलायचंय म्हणतो. पुण्यातल्या समुपदेशकाकडून ऑनलाइन घेतलं तर? (पुणे)

उत्तर : भाषेची ओढ खरी आहे. 'घुसमट' हा शब्द इंग्रजीत सांगताना अर्धा निसटतो. पण अमेरिकेत समुपदेशनाचा परवाना राज्यागणिक असतो, आणि अशील जिथे बसलाय तिथला कायदा सर्वसाधारणपणे लागू होतो. पुण्यातल्या समुपदेशकाकडे न्यू जर्सीचा परवाना नसणार. काही बिनसलं तर दाद मागायला जागा नाही, तिथला विमा पैसे देणार नाही, आणि आणीबाणीत पुण्याहून मदत पाठवता येणार नाही. आधी त्या राज्याचा परवाना असलेले मराठी किंवा हिंदी बोलणारे थेरपिस्ट शोधा. परवान्याची खात्री राज्याच्या संकेतस्थळावर करता येते. रात्री-अपरात्री वेळ आलीच तर तिथला ९८८ हा मानसिक संकटासाठीचा हेल्पलाइन नंबर त्याच्या फोनमध्ये असू द्या. इथल्या घरच्यांसाठी १४४१६, म्हणजे टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलता येतं आणि फोनला पैसे पडत नाहीत.

प्रश्न : दीड वर्ष नैराश्याच्या गोळ्या घेतेय. नव्या समुपदेशक म्हणाल्या, 'आता मनाची ताकद वाढलीय, पुढच्या आठवड्यापासून गोळ्या बंद करू.' करू का? (अमरावती)

उत्तर : नाही. गोळ्या सुरू करणं, बदलणं, थांबवणं हे समुपदेशकाचं काम नव्हे. आपल्या व्यवसायाच्या कक्षेबाहेरचं औषध वा उपचार सुचवायला मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०६ने डॉक्टर आणि मानसिक आरोग्य व्यावसायिकांनाही मनाई केली आहे. त्यांचा हेतू चांगला असेल, पण कक्षा ती नव्हे.

या गोळ्या एकदम थांबवल्या तर दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, झोपमोड, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं असा त्रास होऊ शकतो. पॅरोक्सेटीन आणि व्हेनलाफॅक्सिनमध्ये तो जास्त दिसतो, फ्लुऑक्सेटीनमध्ये कमी, कारण ते शरीरातून सावकाश उतरतं. हा त्रास पुष्कळदा 'आजार परत आला' म्हणून वाचला जातो आणि गोळी पुन्हा चालू होते. ती खरंच बंद करायची वेळ आली असेल, तर सायकिॲट्रिस्ट मात्रा टप्प्याटप्प्याने, काही आठवडे किंवा महिने घेऊन कमी करतात. परीक्षा, बदली, घरातलं लग्नकार्य अशा धामधुमीत शक्यतो नाही.

पुढच्या सेशनला चालू प्रिस्क्रिप्शनची प्रत घेऊन जा, आणि दोघांनी तुमच्याबद्दल एकमेकांशी बोलावं अशी लेखी परवानगी द्या. समुपदेशकांनी सायकिॲट्रिस्टना फोन केला, तर त्यांच्याकडेच चालू ठेवायला हरकत नाही. फोन करायला त्या तयारच नसतील, तर समुपदेशक बदला आणि गोळ्या तशाच चालू ठेवा.